जूनपुरतं कौतुक

जून महिना गाजावाजा न होता सरला असता, तर जेंटी पेनफोल्ड सप्टेंबरात मोठ्या शाळेत गेली असती. तसं ठरलंच होतं. जेंटीच्या आईबापांनी ते नाताळच्या दिवशी, पोटं भरलेली असताना ठरवलं होतं, आणि पेरिन पेनफोल्ड भरल्या पोटी दिलेला शब्द सहसा फिरवत नसे.

"उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत एकही भानगड झाली नाही, तर जाऊ दे पोरीला," तो म्हणाला होता. "एक जरी झाली, तर पोर घरी. मग माझं डोकं खायचं नाही."

"आणि भानगड तिनं केलेली नसली तर?" व्हॅश्टीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं.

"भानगड झाल्यावर ती कुणी केली हे विचारतात का? मला तरी नव्हतं विचारलं."

पेरिन नऊ वर्षांचा होईपर्यंत शाळेत होता. तिथं त्याला मागच्या बाकावर बसवून रंगीत खडू दिले होते. तीन वर्षांत त्यानं शेकडो ट्रॅक्टर रंगवले. वाचायला शिकवायचं तेवढं राहून गेलं. एक दिवस कुणाचं तरी घड्याळ हरवलं, आणि ते घड्याळ सापडायच्या आत पेरिनचं शिक्षण संपलं. आता तो लोकांच्या दारापुढं विटांची फरसबंदी करून देतो. रेषा इतकी सरळ धरतो की गिऱ्हाईक अचंब्यानं विचारतं, कुठं शिकलास? तो सांगतो, शाळेबाहेर.

इंग्लंडातल्या केंटमधला त्यांचा, म्हणजे जिप्सींचा, तळ म्हणजे सांडपाण्याचा कारखाना आणि बायपास यांच्या मधली बारा ट्रेलरांची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, जागा. कौन्सिलनं ती पुष्कळ विचार करून निवडली असणार, कारण तिथं दुसरं काही बांधायला कुणीच तयार नव्हतं. या बारा ट्रेलरांपैकी एकाही घरची मुलगी कधी मोठ्या शाळेत गेली नव्हती. अकरा वर्षं पुरी झाली की मुलगी घरी. मोठ्या शाळेत सिगारेटी असतात, नको त्या वयाची मुलं असतात, आणि तोंडाला येईल ते बोलणारे गोर्जे असतात. गोर्जे म्हणजे आपल्यातले नसलेले. म्हणजे तसं पाहिलं तर उरलेलं सगळं इंग्लंड.

व्हॅश्टीला मात्र पोरीला शिकवायचं होतं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. दवाखान्यात, कौन्सिलच्या खिडकीवर, शाळेच्या कचेरीत ती गेली पंचवीस वर्षं एकच वाक्य बोलत आली होती, "चष्मा घरी राहिला हो, जरा वाचून दाखवता?" चष्मा तिनं आयुष्यात लावला नव्हता. नजर घारीसारखी होती. बायपासवरच्या पोलिसाच्या गाडीत किती माणसं आहेत ते ती चुलीपाशी बसून सांगे. जेंटी सात वर्षांची झाल्यापासून घरातली पत्रं जेंटी वाचायची, आणि आईला वाचता येत नाही हे बाहेर कुणाला सांगायचं नसतं हेही ती सातव्या वर्षापासूनच जाणून होती.

मार्चमध्ये मोठी शाळा पाहायला पोरं नेली होती. तिथल्या प्रयोगशाळेत जेंटीनं सूक्ष्मदर्शकाखाली तळ्यातल्या पाण्याचा थेंब पाहिला, आणि घरी येऊन तिनं दोन दिवस दुसरं काही बोलायचं नाव काढलं नाही.

"ग्रॅनी, पाणी अगदी नितळ दिसत होतं. आणि आत नुसती वळवळ. केसाळ काहीतरी होतं, गोल गोल फिरत होतं."

ग्रॅनी म्हणजे ब्रिटानिया पेनफोल्ड. पेरिनची आई, व्हॅश्टीची सख्खी आत्या, आणि आत्या असून सासू झाल्यामुळं दोन्ही बाजूंनी बोलायचा अधिकार असलेली बाई.

"हेच मी साठ वर्षं सांगतेय," ब्रिटानिया म्हणाली. "मला कधी यंत्र लागलं नाही."

"मोठ्या शाळेत तसली चोवीस यंत्रं आहेत. प्रत्येकाला एक."

"आणि बघून झाल्यावर हात कुठं धुतात?"

"तिथंच, बेसिनमध्ये."

"त्याच बेसिनमध्ये कप धुवत नाहीत ना, ते विचार एकदा."

एवढं होऊनही पेरिननं शब्द फिरवला नाही. भानगड नाही तर शाळा. एप्रिल गेला. मे महिन्यात परीक्षा झाल्या, जेंटीला वाचनात वर्गात दुसरा नंबर मिळाला. व्हॅश्टीनं मनातल्या मनात दिवस मोजायला सुरुवात केली.

आता एक चूक व्हॅश्टीच्या हातून आधीच होऊन गेली होती, ती सांगायला हवी. शाळेच्या फॉर्मवर एक रकाना असतो, मूल कुठल्या लोकांतलं ते लिहायचा. तळावरची सगळी माणसं तिथं 'गोरे ब्रिटिश' म्हणून सांगत आणि गप्प बसत. व्हॅश्टीनंही पाच वर्षं तेच सांगितलं होतं. जानेवारीत जेंटीच्या वर्गाची नवी बाई, मिस ओकली, तिला म्हणाली, "मिसेस पेनफोल्ड, खरं ते लिहिलंत तर शाळेला जेंटीसाठी जास्त काही करता येईल." पोरगेलीशी बाई, डोळ्यांत पाणी आणून बोलणारी. व्हॅश्टीला वाटलं, करू देत की जास्त काही. तिनं खरं ते लिहायला सांगितलं.

शाळेच्या संगणकात एकशे ब्याण्णव मुलांपैकी एक मूल जिप्सी निघालं. आणि जून हा सगळ्या देशात जिप्सी, रोमा आणि ट्रॅव्हलर लोकांचा इतिहास साजरा करायचा महिना असल्याचं शाळेला त्याच वर्षी कळलं.

मुख्याध्यापिका मिसेस थॉर्नबी दयाळू बाई होत्या. दयाळूपणाचं त्यांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि प्रमाणपत्र कचेरीत चौकटीत लावलं होतं. त्यांनी एक माहितीपुस्तिका मागवली, बारा पानी, रंगीत. जूनच्या पहिल्या सोमवारी सभागृहात मोठमोठ्या खोक्यांपासून पुठ्ठ्याचा वॅगन, म्हणजे जिप्सींची जुनी घोडागाडी, उभा राहिला. त्याला पुठ्ठ्याचा घोडा जोडला. शेजारी जेंटीचा फोटो लागला, आणि खाली लिहिलं, 'आपली स्वतःची जिप्सी मैत्रीण'. तोवर वर्गातल्या पोरांना ती फक्त जेंटी म्हणून माहीत होती.

"घोडा आणता येईल का, मिस्टर पेनफोल्ड?" मिसेस थॉर्नबींनी फाटकापाशी गाठून विचारलं.

"माझ्याकडं घोडा नाही. घोड्याच्या केसानं मला शिंका येतात."

"अच्छा." त्यांचा चेहरा पडला. "मग दुसरं काही पारंपरिक?"

"पांढरी व्हॅन आहे."

पेरिननं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तो हसत होता, म्हणून व्हॅश्टीही हसली. भानगडीच्या हिशोबात हसणं धरलेलं नव्हतं.

मग मिस ओकलीनं वर्गात शिकवलं की जिप्सी लोक हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले. जेंटीनं ते आजीला सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"मिस ओकली. पुस्तिकेत नकाशा आहे, बाण काढलेला."

"तिला सांग, माझा जन्म इथंच मेडस्टनजवळ हॉप्सच्या मळ्यात झाला. आई सकाळी तोडणीला गेली होती, दुपारी मी झाले, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तोडणीला. बाण काढायचा तर तिथून काढा."

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका पोरानं जेंटीला विचारलं, मग तुम्ही लोक परत कधी जाणार? तो वाईट मुलगा नव्हता. बाणाचं दुसरं टोक कुठं आहे एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. त्या आठवड्यात पॉपी नावाच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचं बोलावणं मागं घेतलं गेलं. जागा कमी पडत होती म्हणे. वाढदिवस मैदानावर होता.

जेंटीनं हे फक्त आईला सांगितलं, भांडी पुसता पुसता.

"डॅडीला नको सांगू," ती म्हणाली.

"नाही सांगत."

"ही भानगड नाही ना, आई?"

"नाही. कुणी वाढदिवसाला बोलावलं नाही तर त्याला भानगड म्हणत नाहीत."

मायलेकींनी अशा पाच-सात गोष्टी जूनभर भांड्यांबरोबर पुसून ठेवल्या.

शेवटच्या शुक्रवारी समारंभ होता. शाळेच्या समितीचे लोक येणार, कौन्सिलमधलं कुणी येणार, स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार. मिस ओकलीनं व्हॅश्टीला विचारलं की तुमच्या घरातल्या कपबश्या चहापानासाठी मिळतील का, पुस्तिकेत लिहिलंय की तुमच्यात चिनी मातीच्या कपबश्यांना फार मान असतो.

ते खरं होतं. व्हॅश्टीच्या काचेच्या कपाटात चोवीस कप होते, सोनेरी काठाचे, निळ्या-तांबड्या नक्षीचे. वडिलोपार्जित एकही नव्हता. माणूस मेलं की त्याचं जाळायचं ते जाळतात आणि फोडायचं ते फोडतात, त्यामुळं पुढच्या पिढीला सगळं पहिल्यापासून जमवावं लागतं. लग्नापासून तिनं वर्षाला एक-दोन असे हे कप जमवले होते. ते वापरायचे नसत, पुसायचे असत.

"नाही म्हण," ब्रिटानिया म्हणाली.

"आत्या, तीन आठवड्यांवर सुट्टी आलीय. आता नाही म्हटलं तर त्यांना वाटेल आपण ताठ आहोत."

"आहोतच."

व्हॅश्टीनं सहा कप टॉवेलांत गुंडाळून दिले, आणि बरोबर तिचं स्टीलचं तसराळं दिलं. तिच्याकडं तीन तसराळी होती: एक कपबश्यांचं, एक हातातोंडाचं, एक कपड्यांचं. एकाचं काम दुसऱ्यात केलं की भांडं मोखडी झालं, म्हणजे बाटलं. बाटलेलं भांडं घासून, उकळून शुद्ध होत नाही. ते फोडायचं, म्हणजे चुकून दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागणार नाही. तळावर तीन वर्षांच्या पोरालाही हे कळतं, आणि म्हणूनच ते कुणी कुणाला सांगत नाही. पावसात भिजायला होतं हे जसं सांगत नाहीत तसं.

"कप फक्त यात धुवायचे," व्हॅश्टी म्हणाली. "बेसिनमध्ये नाही. यातच."

मिस ओकलीनं ते वहीत लिहून घेतलं. 'फक्त यातच' खाली दोन रेघा मारल्या.

यात दुसरं काही धुवायचं नाही, हे व्हॅश्टी बोलली नाही. कुठलं शहाणं माणूस तसं करेल, असा तिचा समज होता.

शुक्रवारी ती ब्रिटानियाला घेऊन शाळेत गेली. म्हातारीनं सोन्याची कर्णफुलं घातली होती आणि स्वच्छ पांढरा एप्रन बांधला होता. पेरिन कामावर होता. तो असता तर काय झालं असतं याचा विचार व्हॅश्टीनं नंतर पुष्कळदा केला, आणि प्रत्येक वेळी आणखीच वाईट झालेलं दिसलं.

सभागृहात शिरताच तिला जेंटी दिसली. जेंटीचा गणवेश अख्ख्या शाळेत सगळ्यात कडक इस्त्रीचा असे. त्या दिवशी तिला शाळेच्या नाटकाच्या पेटीतला फुलाफुलांचा घागरा नेसवला होता, डोक्याला झालर लावलेला रुमाल बांधला होता. एका कानात पडद्याची कडी होती.

"हे कोण?" ब्रिटानियानं विचारलं.

"जेंटी आहे, आत्या."

"ते दिसलं. पण कोण?"

पुठ्ठ्याच्या वॅगनशेजारी एक टेबल होतं. त्यावर पाटी होती. तिच्यावर काय आहे ते व्हॅश्टीला वाचता आलं नाही. पुढं जेंटीनं तिला सांगितलं, पाटीवर लिहिलं होतं, 'जिप्सींचं पारंपरिक पात्र. हात लावून पाहा.' पाटीमागं तिचं तसराळं होतं. सकाळपासून सहा वर्गांनी त्याला हात लावून पाहिलं होतं. दुसरीच्या पोरांनी घोडा रंगवल्यावर त्यातल्या पाण्यात हात धुतले होते. आतून, काठाच्या जरा खाली, तपकिरी रंगाची बारीक रेघ उठली होती. ती घारीच्या नजरेलाच दिसली असती.

"मिसेस पेनफोल्ड," मिस ओकली लगबगीनं आली, "काळजी करू नका. मी स्वतः धुतले कप. तुम्ही सांगितलंत तसं, फक्त यातच." तिचा चेहरा इतका आनंदी होता की व्हॅश्टीला वाटलं हिला आता कडेवर घ्यावं.

सहा कप पांढऱ्या टेबलक्लॉथवर मांडलेले होते. चहा ओतून झाला होता.

व्हॅश्टीनं पटकन हिशोब केला. सहा कप गेले, ते गेलेच. घरी नेऊन मुकाट्यानं फोडता येतील. आज फक्त त्यातून कुणी आपलं माणूस पिता कामा नये. ती सासूच्या कानाशी वाकली.

"आत्या, चहाला हात लावू नका."

ब्रिटानियानं तसराळ्याकडं पाहिलं, मग कपांकडं. दोन्ही हात एप्रनखाली घेतले. "मला तहान नाही," ती समोर कप धरलेल्या समिती-सदस्याला म्हणाली. त्यानं मान डोलावून तो कप स्वतः घेतला आणि पिऊन टाकला. गोर्जांना त्याचं काही नव्हतं.

मग जेंटीचं भाषण झालं. मिस ओकलीनं लिहिलेलं, जेंटीनं न अडखळता वाचलेलं. "आम्हाला आमच्या रीतीरिवाजांचा अभिमान आहे. ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत. ते लपवायची आम्हाला कधीही गरज वाटू नये." टाळ्या झाल्या. कौन्सिलमधून आलेल्या माणसानं डोळे टिपले.

"आता एक फोटो," वर्तमानपत्राचा माणूस म्हणाला. "आई आणि मुलगी. आईच्या हातात कप. आपल्याच कपातून चहा घेताना, असा."

मिसेस थॉर्नबींनी एक कप उचलून स्वतःच्या हातानं व्हॅश्टीला दिला.

कप हातात घेऊन ती उभी राहिली. सगळे तिच्याकडं पाहत होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तिच्याबद्दल अतोनात प्रेम होतं. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागेल. का ते सांगायचं तर तुमच्या पोरांच्या हातांनी भांडं बाटलं, असं म्हणावं लागेल. आज, इथं, या लोकांना. ती भानगड झाली असती. आणि दुसऱ्या बाजूला एक घोट होता. ओठांपासून घशापर्यंतचं अंतर. तीन आठवडे, मग सप्टेंबर. तळावरचं मोठं माणूस कुणी इथं नव्हतं, एक ब्रिटानिया सोडून.

तिनं कप उचलला.

जेंटी शेजारीच उभी होती. तसराळ्यात मुलांनी हात धुतले आणि मग त्यातच कप धुतले गेले, हे तिनं सकाळीच पाहिलं होतं. आई येईल आणि काय ते करेल, म्हणून ती गप्प होती. आईनं कप तोंडाशी नेलेला पाहिला, आणि पोरीचा हात तिला न विचारता गेला, दूध उतू जाताना जावा तसा. कप व्हॅश्टीच्या हातातून उडाला. चहा मिसेस थॉर्नबींच्या ब्लाऊजवर गेला, कप जमिनीवर.

तिथं थांबली असती तर अपघात म्हणून भागलं असतं. पण जेंटी नीट वाढवलेली मुलगी होती. तिनं उरलेले पाचही कप एकेक करून उचलले, ज्यांत चहा होता त्यांतला चहा बाजूच्या कुंडीत ओतला, आणि एकेक करून फरशीवर फोडले. रागानं नाही. घरी फोडतात तसे, मन लावून, कान असो की काठ, एकही तुकडा वापरता येऊ नये असे. एक कपची उडून समिती-सदस्याच्या नडगीला लागली. पहिलीची पोरं रडायला लागली. फोटोवाल्यानं फोटो काढला.

"आता ठीक आहे, आई," जेंटी म्हणाली.

कचेरीत व्हॅश्टीला खुर्ची दिली. मिसेस थॉर्नबींनी ब्लाऊजवर कार्डिगन घातलं होतं आणि आवाज फार मऊ केला होता.

"आम्ही समजून घ्यायला तयार आहोत. फक्त आम्हाला कळलं पाहिजे, का?"

"कप हाताच्या पाण्यात धुतले होते," व्हॅश्टी म्हणाली. "मुलांनी त्यात हात धुतले, मग कप. असे कप आम्ही ठेवत नाही."

"मुलांचे हात." मिसेस थॉर्नबी थांबल्या. "म्हणजे आमची मुलं घाणेरडी आहेत, असं तुमचं म्हणणं आहे?"

"तसं नाही हो. माझे हात असते तरी हेच."

"मिसेस पेनफोल्ड, या शाळेत कुणाच्याही स्पर्शाला अशुद्ध मानलं जात नाही. तसं मानणं आम्ही इथं खपवून घेत नाही. याची नोंद मला भेदभावाची घटना म्हणून करावी लागेल."

"कुणाचा भेदभाव?"

"तुमचा."

मिस ओकली कोपऱ्यात रडत होती. "पण मॅडम, हा त्यांचा रिवाज असेल तर..."

मिसेस थॉर्नबींनी पुस्तिका उघडली. बाराही पानं पाहिली; त्या न्यायी बाई होत्या. "यात तसं काही नाही," त्या म्हणाल्या. "असतं तर आम्ही नक्कीच आदर केला असता."

जेंटीला पाच दिवस शाळेबाहेर ठेवलं. कारण लिहिलं, फेकाफेकी आणि पाहुण्याला इजा. त्याची प्रत मोठ्या शाळेला गेली. मोठ्या शाळेनं कळवलं की जागा आहेच, पण आधी एक बैठक होईल आणि मुलीवर लक्ष ठेवायची योजना आखली जाईल. हे पत्र जेंटीनंच वाचून दाखवलं.

तळावर मात्र जेंटीचं नाव झालं. शेजारच्या ट्रेलरमधल्या बायका येऊन तिला जवळ घेऊन गेल्या. एकीनं कानातले दिले. सगळ्या शाळेसमोर, अकरा वर्षांची पोर, सहाच्या सहा. पेरिन आरडाओरडा करेल असं व्हॅश्टीला वाटलं होतं. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"डॅडी, मी परत नाही असं करणार," जेंटी म्हणाली.

"केलंस ते बरोबर केलंस, पोरी. म्हणूनच घरी."

"पेरिन," व्हॅश्टी म्हणाली, "एकदा बैठकीला जाऊ. एकदाच."

"माझं डोकं खायचं नाही, असं ठरलं होतं. मी माझा शब्द पाळला असता, व्हॅश्टी. खरंच पाळला असता." आणि तो पाळला असता हे तिला माहीत होतं.

ब्रिटानिया दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पायरीवर बसली. व्हॅश्टीनं चहा पुढं केला. म्हातारीनं घेतला नाही.

"तू पीत होतीस," ती म्हणाली.

"हो."

"चुकून?"

"नाही, आत्या."

"मग कशासाठी?"

"सप्टेंबरसाठी."

ब्रिटानियानं चहा त्या दिवशी घेतलाच नाही, आणि पुढंही कितीतरी दिवस सुनेच्या ट्रेलरमध्ये पाणी म्हणून प्यायली नाही. आली की तहान नाही म्हणायची.

त्या संध्याकाळी कपाटाच्या काचा पुसताना जेंटीनं विचारलं, "आई, मी चुकले का गं?"

चुकलीस म्हणावं, तर अकरा वर्षं पोरीला जे शिकवलं ते सगळं खोटं. नाही म्हणावं, तर मग चुकलं कोण, आणि सप्टेंबर कुणाच्या पदरात टाकायचा. व्हॅश्टीनं काचेवरचा एक डाग, जो नव्हताच, बराच वेळ पुसला.

"नाही," ती म्हणाली. "तू नाही चुकलीस."

जुलैत कौन्सिलची बाई फॉर्म घेऊन तळावर आली. मिसेस ड्रेकॉट नाव. चांगली होती, चिखलाची पर्वा न करता चालत आली, आत येताना बूट बाहेर काढले. तुमच्या समाजातले पुष्कळ पालक या वयात घरीच शिकवणं पसंत करतात, ती म्हणाली, आणि आम्ही त्या निवडीचा पूर्ण आदर करतो. शाळेलाही यात काही अडचण नाही. शाळेला तर जून महिन्याच्या उपक्रमाबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं होतं, पुढच्या वर्षी आणखी मोठ्या प्रमाणावर करणार होते. आता शाळेच्या कागदोपत्री एकही जिप्सी मूल उरलं नसल्यामुळं त्यात काही विघ्न यायचीही भीती नव्हती.

व्हॅश्टीनं फॉर्म घेतला आणि सवयीनं जेंटीकडं दिला.

"वाच गं जरा."

जेंटीनं वाचलं. "'आम्ही, खाली सही करणारे पालक, आमच्या पाल्याला स्वेच्छेनं घरी शिक्षण देण्याचं ठरवत आहोत.'"

"स्वेच्छेनं म्हणजे?"

"कुणी बळजबरी केली नाही, आपल्याच मनानं. 'तरी शाळेच्या पटावरून पाल्याचं नाव कमी करावं ही विनंती. पाल्याच्या वयाला आणि कुवतीला साजेसं पूर्णवेळ शिक्षण देण्याची जबाबदारी यापुढं आमची राहील याची आम्हाला जाणीव आहे.'" ती कुठंही अडखळली नाही. स्वल्पविरामाला थांबत होती, पूर्णविरामाला आवाज खाली आणत होती.

"किती सुंदर वाचते," मिसेस ड्रेकॉट म्हणाली. "हिला खरं तर..." आणि मग तिला आपण कशासाठी आलो आहोत ते आठवलं, आणि तिनं पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं.

व्हॅश्टीनं नाव काढलं. तेवढं तिला काढता येत होतं. पेरिन दारात उभा राहून बाहेर बायपासकडं पाहत होता.

"वर्षातून एकदा कुणीतरी येऊन जाईल," मिसेस ड्रेकॉट म्हणाली. "अभ्यास कसा चाललाय ते बघायला. एवढा एकच रकाना राहिला. घरी शिकवणार कोण?"

व्हॅश्टी उठून किटलीकडं गेली. पेरिननं बायपासवरून नजर काढली नाही.

"आई," जेंटी म्हणाली. "आई शिकवणार. तिला छान वाचता येतं."

मिसेस ड्रेकॉटनं ते लिहून घेतलं.